मुलगा काउंटीकडून खेळतो, पैसे मात्र कोणी देत नाही

पत्र : "आम्ही बरीच वर्षं लिमरिकमध्ये आहोत. मुलगा १९ वर्षांचा, इथल्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत असताना हर्लिंगची, म्हणजे इथल्या स्टिक-चेंडूच्या खेळाची, स्टिक हातात घेतली, ती आता काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, २० वर्षांखालच्या संघापर्यंत पोहोचली. सराव, जिम, मॅच. घरी फक्त झोपायला येतो. मिळतं काय, तर किट, जेवण आणि पेट्रोलचे थोडे पैसे. माझे मिस्टर कॉलेजात असताना सांगलीला कबड्डी खेळायचे. ते म्हणतात, 'हजारो लोक तिकीट काढून येतात आणि पोरांना फुकट राबवतात. आपल्याकडे प्रो कबड्डीत लिलाव होतात, इथे टाळ्या. बंद कर हे.' मुलगा डब्लिनची उन्हाळी इंटर्नशिप सोडायला निघालाय. त्यातच बॉस्टनच्या एका क्लबच्या माणसानं त्याला 'उन्हाळ्यात ये; काम देतो, राहायला जागा देतो, वर हातात काहीतरी देतो' असं सांगितलंय. रोज जेवणाच्या टेबलावर वाद. त्याला अडवावं का?" — एक आई, लिमरिक

ताई,

तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आधी त्यांची बाजू मांडते, म्हणजे ते पुढचं वाचतील.

डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजार ३०० माणसं बसतात. ऑल-आयर्लंड, म्हणजे देशभरच्या काउंट्यांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याचं तिकीट मिळवायला लोक ओळखीपाळखी काढतात. त्या दिवशी मैदानात कामाला असलेल्या जवळपास प्रत्येकाला पैसे मिळतात. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला, कॅमेरामनला, सँडविच विकणाऱ्याला, संघाच्या बसच्या ड्रायव्हरला. फिजिओला मिळतात, आहारतज्ज्ञाला मिळतात, खेळाडूचं धावणं मोजणाऱ्यालाही मिळतात. मिळत नाहीत ते आत खेळणाऱ्या तिसाजणांना. जीएएच्या, म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या नियमपुस्तकात ते स्वच्छ लिहिलेलं आहे : संघटना हौशी आहे, आणि खेळण्याबद्दल कोणीही रोख किंवा वस्तुरूपात मोबदला घ्यायचा नाही. पूर्णवेळ सरावालाही बंदी आहे.

आणि ज्याचा उल्लेख सगळेच खालच्या आवाजात करतात ते म्हणजे मॅनेजर. कागदोपत्री तोही हौशी. पण अनेक काउंट्या आणि बरेचसे क्लब बाहेरून आणलेल्या मॅनेजरला पाकीट देतात, हे आयर्लंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २०१२मध्ये जीएएचे तेव्हाचे महासंचालक पॉरिक डफी यांनी यावर एक टिपणच काढलं. त्याचा मथितार्थ असा की एकतर नियम खरोखर पाळा, नाहीतर पैसे उघडपणे द्या. फारसं काही झालं नाही. २०२४मध्ये अध्यक्ष झालेल्या जार्लथ बर्न्स यांनी पुन्हा समिती नेमली. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि घरच्यांनीच मान्य केलेलं आहे. इथपर्यंत तुमचे मिस्टर बरोबर आहेत. ढोंग आहे, आणि त्याचा राग येणं साहजिक आहे.

आता दुसरी बाजू. पिळवणूक म्हटली की पिळून काढलेला रस पिणारा कोणीतरी हवा. जीएएत तसा मालक नाही. शेअरहोल्डर नाही, फ्रँचायझी नाही, कोणा उद्योगपतीच्या ताळेबंदात जाणारा नफा नाही. मध्यवर्ती उत्पन्न वर्षाला दहा कोटी युरोच्या वर असतं आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक पैसे काउंट्या, क्लब, मैदानं, शाळांतले प्रशिक्षक यांच्याकडे परत जातात. तुमचा मुलगा शाळेत असताना ज्या मैदानावर खेळायला शिकला, तिथले दिवे, नेट, त्याला पहिल्यांदा हर्ली, म्हणजे ती स्टिक, कशी धरायची ते दाखवणारा माणूस, हे सगळं त्याच पैशातून आणि गावच्या फुकट घामातून उभं राहिलं. तुम्ही तेव्हा वर्षाची वर्गणी किती भरली होती ते आठवून बघा.

तुमच्याच काउंटीचं उदाहरण घ्या. २०१८ साली लिमरिकनं ४५ वर्षांनी ऑल-आयर्लंड हर्लिंग जिंकलं. लिमरिकचे उद्योगपती जे. पी. मॅकमॅनस इतके खूश झाले की त्यांनी ३२ही काउंट्यांना प्रत्येकी एक लाख युरो दिले, क्लबांत वाटायला. सगळ्या काउंट्यांना, म्हणजे हरलेल्यांनासुद्धा. जिंकून देणाऱ्या खेळाडूंना मात्र पगार नाही. हे आपल्याला विचित्र वाटतं. माझ्या आयरिश ओळखीच्यांना त्यात काहीच विचित्र वाटत नाही, आणि या फरकाशी तुम्हाला घरात जुळवून घ्यावं लागणार आहे.

पगार द्यायचाच ठरवला तर काय होईल? हिशेब मांडून बघू. वरिष्ठ काउंटी संघांत हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) मिळून दोन हजारांच्या आसपास पुरुष खेळाडू आहेत. प्रत्येकाला वर्षाला ४० हजार युरो धरा. आयर्लंडमध्ये हा काही ऐषारामाचा पगार नाही. डब्लिनच्या भाड्यातच त्याचा मोठा भाग जाईल. तरी बेरीज आठ कोटी होते. कमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, आणि महिला फुटबॉलच्या मुली यात धरलेल्याच नाहीत, आणि त्यांना वगळायचं कारण निदान मला तरी सापडत नाही. त्यांना धरलं की जीएएचं सगळं उत्पन्न संपून उधारी सुरू. मग क्लबांचं काय? काही काउंट्याच पगारी ठेवायच्या आणि बाकीच्या बंद करायच्या, असं कोणीतरी सुचवतं. लीट्रिम काउंटीची लोकसंख्या ३५ हजार, डब्लिनची चौदा लाखांच्या वर. कोण उरेल ते वेगळं सांगायला नको.

त्याहून खोल अडचण बदलीची आहे. जीएएत माणूस सहसा आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळतो. पगार आला की बदली येते, कारण एकाच मालकाकडे बांधलेल्या नोकराला पगाराची घासाघीस करता येत नाही. आणि बदली आली की लीट्रिमचा चांगला पोरगा डब्लिनला जातो. प्रो कबड्डीत हेच झालं ना? २०१४पासून सांगली-कोल्हापूरचे खेळाडू लिलावात जयपूर, पाटण्याकडे गेले. त्यात वाईट काही नाही. ज्यांच्या घरी कधी चेक आला नव्हता त्यांच्या घरी आला. पण कबड्डीपटूच्या मागे आधीपासूनच रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांच्या नोकऱ्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात कबड्डी 'हौशी' होती तेव्हाही चांगल्या खेळाडूचं पोट त्या कोट्यातल्या नोकरीवर चालायचं. तुमच्या मिस्टरांना त्या काळातले असे दहाजण तरी माहीत असतील. म्हणजे आपली हौसही तशी बिनपगारी नव्हती.

इथली हौस वेगळ्या मातीतली आहे. १ नोव्हेंबर १८८४ला टिपररीतल्या थर्लसमध्ये हेझ हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅविन आणि मोजकी मंडळी जमली आणि जीएए जन्मली. त्या काळी व्हिक्टोरियन क्रीडासंस्थांत 'हौशी' म्हणजे सद्गृहस्थ, हाताने काम करणारा मजूर नव्हे, असा अर्थ चालत असे. क्युसॅकचा सगळा झगडा मजूर, शेतकरी, दुकानातले नोकर यांना मैदानावर आणायचा होता. म्हणून सामने रविवारी, त्यांच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी. पैसे न घेण्याचा नियम इथे गरिबाला बाहेर ठेवायला नव्हता. गेल्या शतकात त्या नियमाची फार मोठी पूजा झाली, ती मला थोडी जास्त वाटते, पण उगम तरी असा आहे.

पूजेचा एक किस्सा सांगते, फारच मजेशीर आहे. १९८५च्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्याच्या सुमारास केरीच्या फुटबॉलपटूंनी बेंडिक्स वॉशिंग मशीनच्या जाहिरातीसाठी फोटो काढून घेतला, अंगावर जेमतेम कपडे. पैसे वैयक्तिक खिशात नव्हे, संघाच्या निधीत जाणार होते. तरी देशभर गहजब झाला. आज त्याच काउंटीचा नावाजलेला फुटबॉलपटू डेव्हिड क्लिफर्ड जाहिरातीत दिसला तर कोणी भुवईही उंचावत नाही. नियमाचा शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पावलापावलानं बदलत गेला, आणि तो खेळाडूंनी भांडून बदलवला.

भांडण कशावरून झालं तेही पाहा. २००२मध्ये कॉर्कच्या हर्लिंगपटूंनी संप केला. पगार मागितला नव्हता त्यांनी. डॉक्टर, प्रवासाची नीट सोय, जिम, पुरेसं किट, असल्या मागण्या होत्या, आणि त्या मिळाल्या. १९९९मध्ये खेळाडूंची संघटना जीपीए स्थापन झाली. २००७मध्ये ती संपाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, तेव्हा सरकारनं वरिष्ठ काउंटी खेळाडूंसाठी वर्षाला ३५ लाख युरोच्या अनुदानाची योजना मान्य केली. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या कट्टर मंडळींनी त्यालाही विरोध केला : आज अनुदान, उद्या पगार. पुढे मंदी आली आणि ही रक्कम आटत आटत दहा लाखांच्याही खाली गेली. (त्या दुष्काळातली काही वर्षं क्रीडाखातं पुढे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांकडे होतं, म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडच्या वराडकरांकडे. जेवणाच्या टेबलावर वादाला आणखी एक विषय देऊन ठेवते.) नंतर ती पुन्हा वाढली, आणि २०२१मध्ये महिला खेळाडूंना पुरुषांइतकंच अनुदान मंजूर झालं. माणशी हिशेब वर्षाला हजार-दीड हजार युरोच्या घरात जातो. त्यात घर चालत नाही, बूट आणि हर्ल्या येतात. आणि तुमचा मुलगा २० खालच्या संघात आहे, त्याला तेही नाही. ते वरिष्ठ संघालाच.

आता मुद्द्यावर येते, कारण माझ्या मते तुमच्या घरात वाद चुकीच्या गोष्टीवर चालला आहे. पैसा हा इथे न सुटणारा प्रश्न आहे आणि तो तुम्ही लिमरिकच्या स्वयंपाकघरात सोडवणार नाही. सुटू शकेल असा प्रश्न वेळेचा आहे. आयर्लंडच्या ईएसआरआय या संशोधन संस्थेनं २०१८मध्ये काउंटी खेळाडूंवर अहवाल काढला. त्यात सराव, प्रवास, जिम, तयारी धरून आठवड्याला ३१ तासांपर्यंत वेळ जातो असं दिसलं. नोकरी वेगळी. झोप कमी पडते, घरच्यांसाठी वेळ उरत नाही, आणि खेळाशी जुळणारा पेशा निवडण्याकडे कल दिसतो; शिक्षक फार. तुमचाच गॅरोड हेगर्टी, २०२०चा सर्वोत्तम हर्लिंगपटू, शिक्षक. क्लिफर्डही शिक्षक. शाळा लवकर सुटते आणि उन्हाळा मोकळा मिळतो, हे त्यामागचं साधं गणित. तुमचा मुलगा इंजिनिअर होणार आहे. साइटवरचा इंजिनिअर चार वाजता सुटत नाही. हे त्याला आत्ताच कोणीतरी सांगायला हवं, आणि 'खेळ सोड' म्हणणाऱ्या वडिलांकडून ते तो ऐकणार नाही. संघातल्याच एखाद्या नोकरी करणाऱ्या खेळाडूशी त्याची भेट घालून द्या.

१९व्या वर्षी खरा धोका वेगळाच असतो. काउंटीच्या २० खालचा संघ, गावचा क्लब, विद्यापीठांच्या हर्लिंग स्पर्धेचा, म्हणजे फिट्झगिबन कपचा संघ. तीन प्रशिक्षक, आणि प्रत्येकाला वाटतं हा आपलाच. तिघांनी मिळून किती सराव झाला याचा हिशेब बहुधा एकाकडेही नसतो. गुडघा जातो तो असा. मुलाला आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहायला सांगा, तिघांचे सराव, लेक्चर्स, झोप सगळं, आणि तो कागद त्यानं स्वतः तिन्ही प्रशिक्षकांना दाखवावा. एकजण जरी म्हणाला की 'माझ्याकडचा मंगळवार सोड', तरी आठवडा बदलतो. 'नाही' म्हणायला घाबरणाऱ्या पोरांनाच प्रशिक्षक जास्त राबवतात. यात दुष्टपणा नसतो, उत्साह असतो. परिणाम तोच.

दुखापतीचंही विचारून ठेवा. जीएएचा स्वतःचा इजा-निधी आहे. त्यातून उपचारखर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो, पण मर्यादेत, आणि विद्यार्थ्याला बुडालेला पगारच नसतो. घरचा आरोग्य विमा चालू ठेवा.

नियमात बसणारं काय काय घेता येतं, याची चौकशीही मुलानं केलेली नसणार. १९व्या वर्षी कोणी करत नाही. विद्यापीठाच्या गेलिक खेळांच्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्या घ्यायला कसलीच आडकाठी नाही; फी, राहणं, फिजिओ अशा रूपात मदत मिळते. प्रवासभत्ता त्याच्या हक्काचा आहे, 'राहू दे' म्हणून सोडायचा नाही. आणि नोकरी. लिमरिकच्या अर्ध्या कंपन्यांत कोणी ना कोणी क्लबचा माणूस बसलेला असतो. काउंटीची जर्सी घातलेल्या पोराला मुलाखतीचं दार उघडतं. पुढे काम त्याला यायलाच हवं. तुमच्या मिस्टरांना यात आपला जुना नोकरीचा कोटा दिसेल, आणि तो काही अगदीच चूक नाही.

हो, एक गोष्ट त्यांना नक्की खटकेल, ती मीच सांगून टाकते. त्याच लिमरिकमध्ये, थोड्याच अंतरावर, त्याच्या वयाचा रग्बी खेळणारा मुलगा मन्स्टर या पगारी रग्बी संघाच्या अकादमीत गेला तर त्याला मानधन आणि पुढे करार मिळू शकतो. रग्बी १९९५मध्ये व्यावसायिक झालं. गेलिक फुटबॉल खेळणाऱ्याला ऑस्ट्रेलियातल्या पगारी फुटबॉल लीगमध्ये जाता येतं. केरीचा टाइग केनेली २००५मध्ये सिडनीकडून तिथली लीग जिंकला आणि परत येऊन २००९मध्ये केरीकडून ऑल-आयर्लंडही. हर्लिंगला जगात दुसरीकडे बाजारच नाही. जास्त बोली लावणारा कोणी नाही, म्हणून पोरांच्या हातात तसं हत्यारही नाही. हे अन्यायकारक आहे का? थोडंफार आहे. पण मुलानं हा खेळ डोळे उघडे ठेवून निवडला आहे, आणि १९ वर्षांच्या माणसाला तेवढा अधिकार द्यावा लागतो.

तेव्हा अडवू नका. इंटर्नशिप मात्र सोडू देऊ नका, आणि तिथे माझं मत ठाम आहे. बहुधा या दोन गोष्टींत त्याला वाटतो तेवढा झगडा नाहीच. २० खालच्या हर्लिंगची स्पर्धा वसंतात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपते. वरिष्ठ काउंटीचा हंगाम २०२२पासून जुलैअखेर संपतो आणि क्लबच्या मोठ्या लढती त्यानंतर. म्हणजे जून-जुलैत त्याला अडवतो तो क्लबचा सराव. डब्लिन लिमरिकपासून दोनशे किलोमीटर. आठवड्यात एकदा, शनिवारी येऊन सराव, बाकी दिवस डब्लिनमध्ये स्वतःचा व्यायाम. क्लबच्या मॅनेजरला हे जूनमध्ये नव्हे, आत्ता विचारायला सांगा. बहुतेक क्लबांत अर्धे खेळाडू डब्लिनलाच नोकरीला असतात, त्याच्या मॅनेजरला हा प्रश्न नवीन नसेल. त्यानं नकार दिलाच, तर एका उन्हाळ्यात क्लबची जागा गेली तरी चालेल. दुसऱ्या वर्षातली इंटर्नशिप पुन्हा येत नाही. क्लिफर्डनं जुलै २०२२मध्ये केरीकडून ऑल-आयर्लंड जिंकलं आणि पुढच्या जानेवारीत आपल्या छोट्या फॉसा गावाच्या क्लबकडून ज्युनिअर, म्हणजे क्लबांच्या खालच्या श्रेणीचं. क्लब कुठे पळून जात नाही.

राहिलं बॉस्टन. बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागोचे क्लब उन्हाळ्यात आयर्लंडहून पोरं नेतात, ही जुनी चाल आहे आणि खूपजण मजेत जाऊन येतात. पण जाण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. पहिली, जीएएची अधिकृत परवानगी. तिच्याशिवाय खेळला तर परत आल्यावर बंदीची टांगती तलवार. दुसरी, व्हिसा. आयरिश विद्यार्थ्यांच्या उन्हाळी जे-वन व्हिसावर नोकरी करता येते, पण तुमच्या मुलाचा पासपोर्ट आयरिश आहे की भारतीय, यावर तो मार्ग खुला आहे की नाही ते ठरेल. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. तिसरी, ते 'हातात काहीतरी'. खेळण्याबद्दल रोकड घेणं जीएएच्या नियमात बसत नाही आणि व्हिसाच्या अटींतही नाही. पकडला गेला तर क्लबचा तो माणूस नामानिराळा राहतो, अमेरिकेच्या दारात अडकतो तो मुलगा. नोकरी कोणाकडे, काम काय, तासाला किती, हे त्या गृहस्थांना ईमेलवर लिहून पाठवायला सांगा. खरी नोकरी असेल तर ते दोन दिवसांत लिहून पाठवतील. टाळाटाळ केली तर यंदा डब्लिन.